म्हशी घेऊन अंदमानला

शिरूरच्या आठवडे बाजारात बायका मला अजून थांबवतात. "व्हय गं बाई, तिकडची माणसं उघडी हिंडत्यात म्हणं?" असं विचारतात. कुणी विचारतं, तिथलं पाणी खरंच काळं असतं का. पाणी काळं नसतं. सकाळी हिरवं असतं, उन्हं चढली की निळं, आणि इतकं नितळ की तळाची वाळू मोजावी. एवढं सांगितलं की त्यांचा विरस होतो आणि मी पिशवी उचलून पुढं जाते. आम्हाला परत येऊन दीड वर्ष झालं. तिथं जे घडलं ते भाजीच्या पाट्यांपुढं उभं राहून सांगण्याजोगं नाही, म्हणून एकदा लिहून काढते.

आमचे हे शिरूरला गुरांच्या दवाखान्यात आहेत. हुद्दा मदतनिसाचा, पण गावोगाव लोक डाक्टरच म्हणतात. घर धनगराचं. आजेसासरे मेंढरं घेऊन हिंडायचे, सासऱ्यांनी घोडनदीच्या काठाला जमीन धरली आणि मुलाला शाळेत घातलं. मी सातवी झालेली, मुलींच्या शाळेत पहिलीला शिकवत होते. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. घरात कुणी टोचून बोलत नसे. पण कुणाच्या बारशाला मला बोलवायचं का नाही, याची कुजबुज व्हायची, ती मला ऐकू यायची.

नवे पैसे सुरू झाले त्याच सुमाराला सरकारी कागद आला. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना अंदमानात जंगल तोडून जमिनी दिल्या होत्या. त्यांच्यासाठी मद्रासहून म्हशी जायच्या होत्या. म्हशींबरोबर बोटीनं जाणारा आणि सहा महिने तिथं राहून त्यांची देखभाल करणारा माणूस हवा होता. कुणी तयार होईना. यांनी नाव दिलं. हातून काही मोठं काम व्हावं अशी त्यांची फार इच्छा होती, हे मी आधी सांगून ठेवते.

सासरे म्हणाले, "समिंदरावरनं म्हशी न्यायच्या म्हंजी येडेपणा हाय. जनावराला पायाखाली भुई लागती."

"आबा, बोटीला फळ्या असत्यात," हे म्हणाले.

"फळी म्हंजी भुई न्हवं."

मी स्वयंपाकघरातून म्हटलं, मीही जाणार. हे आत येऊन म्हणाले, "अनसा, तिथं जंगल हाय. तुला जमायचं न्हाई." मी म्हटलं, "इथं तरी काय जमतंय?" दुसऱ्या दिवशी शाळेत रजेचा अर्ज दिला.

मद्रास

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे एस.टी.नं दौंड, दौंडला मद्रासची मेल. दौंड स्टेशनात मी पूर्वी दोनदाच गेले होते. इंजिनं पाणी पितात तिथं उभी राहून मी शेवटची पिठलं-भाकरी खाल्ली. जवळ ज्वारीच्या पिठाचा डबा होता, तरी पुढं सहा महिने तशी भाकरी मिळाली नाही. डब्यातल्या पिठाला तिथं पोचेपर्यंत आळ्या झाल्या.

मद्रासच्या धक्क्यावर चोवीस म्हशी बांधून ठेवल्या होत्या. आपल्याकडच्या पंढरपुरी म्हशीसारखी तलवारीएवढी शिंगं नव्हती. आखूड, काळ्या, भेदरलेल्या. पोटाखाली जाड कापडाची झोळी घालून यारीनं एकेक उचलत होते. जमिनीवरून पाय सुटले की म्हैस ओरडणं थांबवायची आणि चारही पाय ताठ करून, मान लांबवून नुसती लोंबायची. हे खाली उभे राहून प्रत्येकीला "हो हो हो" करत होते, मेंढरांना करतात तसं. एका म्हशीचं डावं शिंग कानाकडं वळलेलं होतं. ती वर जाताना सारखी यांच्याकडं बघत होती. यांनी तिचं नाव ठेवलं वाकडी.

बोटीवर

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी वारा सुटला. मला उलट्यांनी उठवेना, पण यांचा आवाज ऐकून भिंती धरत खाली गेले. म्हशींच्या जागेत फळ्यांवर शेण आणि पाणी झालं होतं. बोट कलली की चोवीस जनावरं एका बाजूला घसरायची, पुन्हा कलली की दुसऱ्या. खाली पडलेलीवर बाकीच्या पडायच्या. हे दोन खलाशांना घेऊन पेंढा टाकत होते आणि रडत होते. नवऱ्याला रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुपारी वारा उतरला तेव्हा दोन मेल्या होत्या आणि तिघींचे पाय मोडले होते. बोटीवरच्या साहेबानं सांगितलं, मोडक्या म्हशी बाहेर टाका, सडल्या तर रोग होईल. हे म्हणाले, आधी मारू द्या. त्यांच्या पेटीत लशी होत्या, सुया होत्या, मारण्याचं औषध नव्हतं. बंदूक साहेबानं काढली नाही. मला आठवतं, त्यांनी स्वयंपाक्याची सुरी मागितली आणि दोघींना स्वतः मोकळं केलं. तिसरीच्या वेळी बोट पुन्हा हलायला लागली. खलाशी थांबेनात. तिला जिवंतच लोटली.

ती बुडाली नाही. एक पाय मोडलेला असूनही तिनं डोकं वर काढलं आणि बोटीच्या मागं पोहायला लागली. आम्ही दोघं कठड्याला उभे होतो. किती वेळ ती येत होती ते सांगता येत नाही. तिला वाटत होतं बोट थांबेल. शेवटी डोकं नारळाएवढं दिसायला लागलं आणि मग लाटांत कुठलं डोकं आणि कुठली सावली ते कळेना. हे म्हणाले, "आबा बरोबर बोलले." तेवढंच.

बेट

पोर्ट ब्लेअरला चार दिवस थांबून लहान लाँच आणि तिच्यामागं ओढलेल्या तराफ्यावरून आम्ही वस्तीच्या बेटावर गेलो. बेटाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथं आहेत. धक्का नव्हताच. म्हशींना पाण्यात सोडायचं आणि त्यांनी पोहत काठाला जायचं. एकोणीस म्हशी ओळीनं पोहत गेल्या. काठावर शे-दीडशे माणसं उभी होती. म्हशींचे पाय वाळूला लागले तशा तिथल्या बायकांनी एकदम तोंडानं उलुलुलु असा आवाज केला. मी घाबरले. मागाहून कळलं, ते त्यांचं शुभ असतं. आपल्याकडं आपण औक्षण करतो, तसं.

म्हशी चिठ्ठ्या टाकून वाटल्या, दोन घरांत एक. रेडा बेटाच्या पलीकडच्या वस्तीवर आधीपासून होता. वाकडी निबारण नावाच्या माणसाला आली. तिशीतला, हाडकुळा, तिकडं बंगालात नदीकाठी शेती करणारा. दोनदा घर सोडलेलं. त्याची बायको शैल. तिच्या हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या असत, सवाष्णीची खूण म्हणून. त्यांना दोन वर्षांची मुलगी होती. तिला सगळे खुकी म्हणत, म्हणजे आपल्याकडं छबी म्हणावं तसं. आमची झोपडी त्यांच्या शेजारची. खांबांवर उभी, बांबूची जमीन, वर पानांचं छप्पर.

शैलला आणि मला एकमेकींची भाषा येत नव्हती. दोघींची हिंदी सारखीच वाईट, त्यामुळं जमलं. तिनं मला शिकवलं की बाहेर जाताना पायांना तंबाखूचं पाणी आणि मीठ लावायचं. नाहीतर जळवा. गवताच्या प्रत्येक पात्यावर सुतासारखी जळू उभी राहून माणसाची वाट पाहते. पहिल्या आठवड्यात मी अंघोळीला लुगडं सोडलं आणि पोटऱ्यांवर अकरा जळवा मोजल्या, द्राक्षांसारख्या फुगलेल्या. मी किंचाळले, ती हसत आली आणि मिठाच्या बोटानं एकेक पाडली.

यांना घोण चावली. गोमीसारखी, पण वीतभर लांब, तांबडी. दंड मांडीएवढा सुजला आणि दोन दिवस ते तापात म्हशींना हाका मारत होते. बऱ्या गोष्टीही होत्या. तिथं वाघ नाही, त्यामुळं ठिपक्यांची हरणं माणसाला भीत नाहीत. एक मादी रोज दाराशी यायची आणि भाताची पेज प्यायची. तीच हरणं शेतात शिरून अख्खं पीक रात्रीत खातात, म्हणून निबारण त्यांना शिव्या देई. ओंडके ओढणारे हत्ती होते. जेवणाची घंटा झाली की हत्ती सोंडेतला ओंडका होता तिथं टाकून द्यायचा, मग माहुतानं काही करो.

खाणं म्हणजे भात आणि मासा, मासा आणि भात. आम्ही मटण खाणारी माणसं, पण मासा म्हणजे नदीचा मरळ वर्षातून एकदा. शैल माशाच्या डोक्याची डाळ करायची आणि खुकीला डोळा भरवायची. पहिल्यांदा मी तोंड फिरवलं. महिन्याभरानं खुकी डोळा मला भरवायला लागली आणि मी तोंड उघडायला लागले.

ती पोर दिवसभर माझ्याकडंच असायची. शैलला शेतात काम होतं, मला काम नव्हतं. तिला मी मराठीत हाका मारायची. ती मला "ओनू" म्हणायची. खोटं कशाला लिहू, संध्याकाळी शैल तिला न्यायला आली की मला राग यायचा.

वरचं वळण

माघ संपला आणि ऊन तापलं. पाऊस दोन महिने नव्हता. म्हशीला घाम येत नाही, तिला दुपारी पाण्यात बसावंच लागतं. वस्तीवर विहिरीचं पाणी माणसांना पुरेना. म्हशींची कातडी तडकली, एक म्हैस उभ्याउभ्या कोसळून मेली. हे रोज घरोघर जाऊन म्हशींच्या अंगाला शेण-माती थापायचे. अठरा उरल्या होत्या.

वस्तीच्या खालून खाडी जाते. तिच्यात मगरी असतात, हे सगळ्यांना माहीत होतं. खाऱ्या पाण्यातली मगर आपल्या भीमेतल्या सुसरी-मगरींसारखी नसते. होडीएवढी असते. पण खाडी आत वळत जाते तिथं वरच्या वळणाला पाणी गोडं आणि कमरेएवढं होतं. हे होडीवाल्याला घेऊन दोन दिवस ते वळण बघत बसले. होडीवाला म्हणाला, चार वर्षांत तिथं मगर दिसलेली नाही.

यांनी माणसं जमवली. "ओहोटीला न्यायच्या. सगळ्या एकदम न्यायच्या. आधी बांबूनं पाणी झोडायचं. अर्धा तास, मग बाहेर."

निबारण म्हणाला, "डाक्टरबाबू, कुमीर?" कुमीर म्हणजे मगर.

"मी स्वतः पाण्यात उभा राहतो," हे म्हणाले. "मग तर झालं?"

आणि ते उभे राहिले. आठ दिवस रोज कमरेएवढ्या पाण्यात, हातात बांबू. म्हशी पाण्यात बसल्या तेव्हा त्यांनी नाकातून जो सुस्कारा सोडला तो ऐकून माणसं हसली. दूध आटलेल्या दोघी पुन्हा दूध देऊ लागल्या. यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. बोटीनंतर पहिल्यांदाच ते पोटभर जेवले. नवव्या दिवसापासून ते काठावर उभे राहायला लागले, आणि पुढं कामं असली की जाईनासे झाले. तीन आठवडे काही झालं नाही.

त्या दिवशी हे बेटाच्या पलीकडच्या वस्तीवर जनावरांना घटसर्पाची लस टोचायला गेले होते. निबारण तापानं पडला होता. म्हणून शैल वाकडीला घेऊन निघाली आणि मी खुकीला घेऊन बरोबर गेले. दुपारचे दोन वाजले असतील. पुरुषांनी पाणी झोडलं, म्हशी उतरल्या. शैल लुगडं खोचून पाण्यात गेली आणि नारळाच्या काथ्यानं वाकडीची पाठ घासू लागली. मी काठावर झाडाच्या मुळावर बसले होते. खुकी मांडीवर. शैलनं वळून तिला पाणी उडवून दाखवलं. अंतर फार होतं, थेंब आमच्यापर्यंत आला नाही, तरी पोरीनं डोळे मिटले आणि हसली.

मग सगळ्या म्हशी एकदम उठल्या. कुणी हाकललं नव्हतं. अठराच्या अठरा काठाकडं वळल्या आणि त्या गर्दीत शैल मला दिसेना. ती ओरडली नाही. मला दिसलं ते एवढंच, की वाकडीच्या मागं पाणी आतून उकळल्यासारखं फुगलं, त्यात पांढऱ्या बांगड्यांचा एक हात वर आला, म्हशीची शेपटी धरली आणि सोडली. पाणी दोन-तीनदा गरगरलं आणि खाडीकडं एक लांब रेघ निघाली. पुरुष बांबू घेऊन रेघेमागं धावले. मी खुकीचं तोंड छातीशी दाबलं होतं. ते कधी दाबलं, आधी की नंतर, मला आजही सांगता येत नाही.

वाकडी बाहेर येऊन माझ्याशेजारी थरथरत उभी राहिली. तिच्या अंगावर ओरखडाही नव्हता.

हे दिवस कलताना परत आले. त्यांना वाटेतच कळलं होतं. ते माझ्याकडं आले नाहीत, सरळ वरच्या वळणाला गेले आणि कपड्यांसकट पाण्यात शिरले. चार माणसांनी ओढून बाहेर काढलं. निबारण तापात चालत आला होता, काठावर बसला होता. हे त्याच्यापुढं जाऊन खाली बसले. म्हणाले, "मी सांगितलं होतं. मीच सांगितलं होतं इथं आणायला."

निबारणनं त्यांच्याकडं पाहिलं. "आज मी तिला पाठवली," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी पाण्यात उभ्या राहणाऱ्या झाडांच्या मुळांत तिच्या लुगड्याचा काठ सापडला. त्यांनी गवताचा पुतळा करून त्याला तो काठ गुंडाळला आणि अग्नी दिला. आपल्याकडंही अंग सापडलं नाही तर असंच करतात. खुकी माझ्या कडेवर होती. जाळ बघून तिनं टाळ्या वाजवल्या.

तळं

चौकशीला एक अधिकारी लाँचनं आले. विचारलं, जनावरं तिथं न्यायला कुणी सांगितलं? हे म्हणाले, "मी." अधिकारी लिहिता लिहिता थांबले. म्हणाले, "तुमचं नाव घालून कुणाचं भलं होणार?" आणि श्वापदाकडून अपघात असं लिहिलं. यांना शिक्षा हवी होती. ती कुणी देईना.

पोलिसांनी दहा दिवसांनी एक मगर मारली. मेलेला कुत्रा दोरीला बांधून आमिष दाखवलं, तिला काठाशी आणली आणि गोळ्या घातल्या. दहा हात भरली. तिचं पोट फाडलं तेव्हा सगळी वस्ती जमली होती. आत हरणाचे खूर निघाले, गोटे निघाले, एक पत्र्याचा डबा निघाला. लोक म्हणाले, हीच ती, इतक्या दिवसांत पचवलं असेल. निबारण जवळ येऊन बघून गेला. मी विचारलं, हीच का? तो म्हणाला, "शंख पचत नाही."

मगर मारल्याच्या दुसऱ्या दिवशी यांनी वस्तीच्या वरच्या अंगाला, जिथं झऱ्याची ओल होती तिथं कुदळ मारली. म्हशींसाठी तळं. आधीच का खणलं नाही, हे त्यांना कुणी विचारलं नाही. जमीन मुळांनी विणलेली, एक हात खणायला दिवस लागायचा. पहिले पाच दिवस ते एकटेच खणत होते. सहाव्या दिवशी निबारण कुदळ घेऊन आला आणि दुसऱ्या टोकाला खणू लागला. दोघं एकमेकांशी बोलत नसत. मग बाकीचे आले. आमचे सहा महिने संपले, लाँच आली आणि आमच्याविना गेली. रजा बिनपगारी झाली असेल, यांनी विचारलंही नाही.

या सगळ्यात खुकी माझ्याकडं होती. माझ्याकडंच जेवायची, माझ्याकडंच झोपायची. निबारणची आई होती, पण ती आंधळी. मी मनाशी ठरवत गेले. शिरूरचं घर, अंगण, शाळा, सगळीकडं मी तिला चालवून पाहिलं. एक दिवस दुपारी हे हात धुऊन जेवायला बसले तेव्हा मी बोलून टाकलं. म्हटलं, "निबारणला विचारू या. आपण हिला नेऊ. तो एकटा काय करणार? तो हो म्हणेल."

यांनी घास खाली ठेवला.

"म्हंजी आपण तिची आई घेतली. आता त्याची लेकपण घ्यायची व्हय?"

"आपण नाही घेतली," मी म्हटलं.

"तू काठावर बसली व्हतीस आन् मी तर तिथं न्हवतोच. मग घेतली कुणी?"

मी ताट उचललं. त्यानंतर कितीतरी दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांचं बरोबर होतं म्हणून जास्तच राग होता. आणि अजून एक गोष्ट. निबारण हो म्हणाला असता हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच विचारायचं नव्हतं.

तळ्याला पाणी लागलं, म्हशी त्यात बसल्या, आणि आम्ही निघालो. निघताना निबारण वाकडीला घेऊन आला. म्हणाला, "डाक्टरबाबू, बघा." यांनी बाही वर करून तपासली. "चार महिन्यांची गाभण," ते म्हणाले. निबारणनं मान हलवली. खुकी त्याच्या कडेवर होती. होडी सुटल्यावर तिला वाटलं मी नेहमीसारखी परत येणार, म्हणून ती रडली नाही.

दौंड

शिरूरला आल्यावर हे कामावर रुजू झाले. कुणी बेटाचं विचारलं की हत्तीच्या घंटेची गोष्ट सांगायचे आणि उठून जायचे. ओढ्यात म्हशी बसलेल्या दिसल्या की सायकलवरून उतरून, काठावर उभे राहून मोजायचे. मी हे लांबून पाहिलं आहे.

दिवाळीला मी एक फ्रॉक शिवला आणि पोस्टानं पाठवला. यांना सांगितलं नाही. पाच महिन्यांनी उत्तराचं कार्ड आलं ते यांच्याच हातात पडलं. कार्ड बंगालीत. शिरूरमध्ये ते कुणाला वाचता येईना. यांनी ते खिशात घालून चार दिवस हिंडवलं. मग म्हणाले, "दौंडला रेल्वे कॉलनीत एक बंगाली कुटुंब हाय म्हणतात. चल."

आम्ही गेलो. त्या बाईंनी आम्हाला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, कार्ड वाचलं. वाचून झाल्यावर त्यांनी आमच्याकडं पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग हिंदीत सांगू लागल्या. निबारणनं दुसऱ्याकडून लिहून घेतलं होतं. वाकडीला रेडी झाली. तळ्याला पाणी आहे. त्याची आंधळी आई वारली. आणि फ्रॉक मिळाला. खुकीला आई समुद्रापलीकडं गेली असं सांगितलं आहे. बोटीनं फ्रॉक आला म्हणून तिला वाटतं तो आईनंच पाठवला. ती शेजारपाजारी तसं सांगत हिंडते. मी तिला काही बोललो नाही, असं त्यानं लिहिलं होतं.

बाई थांबल्या. "पुढं लिहिलंय," त्या म्हणाल्या, "पाठवायचा तर दर वर्षी पाठवा. नाही तर हा एकच पुरे. मध्येच बंद करू नका."

यांनी कार्ड परत घेतलं. आम्ही स्टेशनाकडं चालू लागलो. बाजाराच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या चाचांचं शिवणाचं दुकान आहे. हे तिथं थांबले. मला वाटलं चपलेत काही रुतलं.

"चाचा," हे म्हणाले, "पोरीचा फ्रॉक शिवायचा हाय."

"पोर कुठं हाय?"

"लांब हाय. आणता यायची न्हाई."

"मग माप?"

हे माझ्याकडं वळले. मी माझ्या मांडीच्या वर हात लावला, ती माझ्यापाशी उभी राहायची तिथं. यांनी दुकानाच्या फरशीवर वाकून हात तेवढ्याच उंचीवर धरला. मग म्हणाले, "पर आता तर साडेतीनची झाली असंल." आणि हात थोडा वर घेतला. पुन्हा माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "अजून थोडा." त्यांनी अजून थोडा घेतला.

"हात हलवू नका," चाचा म्हणाले. गुडघ्यावर बसून त्यांनी टेप काढली आणि फरशीपासून यांच्या तळहातापर्यंत माप घेतलं.